जोडणी का तुटते? बिनतारी इअरफोनमागचा इतिहास

गेल्या मे महिन्यात शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही ध्वनीवरचे प्रयोग घेऊन गेलो होतो. प्रयोग ठीक झाले, पण खरी चर्चा रंगली ती चहाच्या वेळी आणि वेगळ्याच विषयावर. एका बाईंनी सांगितले, त्यांच्या आठवीच्या वर्गात श्रवणयंत्र वापरणारी एक मुलगी आहे. तिच्या वडिलांनी दिलेला मोबाइल बाईंनी टेबलावर ठेवायचा, की त्याच्या माईकने टिपलेला आवाज बिनतारी मार्गाने थेट तिच्या श्रवणयंत्रात जातो. "बहुतेक दिवस छान चालतं, सर. पण कधी कधी मधेच तुटतं. ती काही बोलत नाही, नुसती फळ्याकडे बघत बसते. संध्याकाळी वह्या तपासताना कळतं, की मधली दहा-पंधरा मिनिटं तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती."

हे ऐकून सगळ्यांनाच आपापले इअरफोन आठवले. कुणाचा एकच कान वाजतो, कुणाचा घरात नीट चालतो पण मैदानावर तुटतो, कुणाचा जोडलाच जात नाही. उपायही भराभर निघाले. बंद करून चालू करा. डबीत ठेवा, दहा सेकंदांनी काढा. मोबाइलला ते यंत्र 'विसरायला' सांगा आणि नव्याने जोडा. उपाय सगळे बरोबर होते. पण ते का लागू पडतात, हे कुणाला सांगता येईना. उलट्या झालेल्या मुलावरून मीठ-मोहऱ्या ओवाळाव्यात तसा तो प्रकार होता. आणि प्रांजळपणे सांगायचे, तर त्या दिवशी आम्हालाही निम्मीच उत्तरे देता आली. परत आल्यावर वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचे मूळ कुठल्या तरी सालच्या कुठल्या तरी निर्णयात सापडते.

लहरींचा सातबारा

बिनतारी संदेशवहनाच्या अगदी सुरुवातीला प्रेषक आणि ग्राहक यांच्यात 'सूर जुळवण्याची' सोय जवळजवळ नव्हती. ठिणगी पाडली, की तिच्यातून रुंद पट्ट्यात लहरी पसरत आणि आसपासच्या सगळ्या ग्राहकयंत्रांना त्या ऐकू येत. यंत्रे मोजकी होती तोवर हे खपून गेले. १९०१ साली न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात अमेरिकाज कप ही शिडाच्या नौकांची शर्यत झाली, तेव्हा शर्यतीच्या बातम्या किनाऱ्यावर पाठवायला एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांची बिनतारी यंत्रे हजर होती. सगळी एकदम बोलू लागली आणि कुणाचेच कुणाला नीट कळेना. मार्कोनीने एका ठरावीक वारंवारतेला जुळवून घेणाऱ्या मंडलांचे पेटंट १९०० सालीच घेतले होते. त्याचा क्रमांक ७७७७, म्हणून ते 'चार साते' या नावाने इतिहासात प्रसिद्ध आहे. पुढे हाच मार्ग सर्वत्र रूढ झाला. ज्याची त्याची वारंवारता वेगळी आणि ती वापरायला सरकारचा परवाना.

आपल्याकडे १८८५ चा तार कायदा होताच. १९३३ मध्ये बिनतारी यंत्र बाळगण्याविषयीचा स्वतंत्र कायदा आला. घरच्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन वर्षाचा परवाना घ्यायचा आणि पुस्तिकेवर तिकीट चिकटवायचे, हे १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होते. पन्नाशी उलटलेल्या वाचकांना ती पुस्तिका आठवत असेल. थोडक्यात, जमिनीसारखा लहरींचाही सातबारा तयार झाला. कुठला तुकडा नभोवाणीचा, कुठला लष्कराचा, कुठला विमानांचा, हे ठरून गेले.

पण प्रत्येक गावात एक गायरान असते, तसे लहरींच्या या गावातही एक गायरान ठेवले गेले, तेही एका स्वयंपाकाच्या यंत्रामुळे. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये, रडारसाठी वापरल्या जाणाऱ्या मॅग्नेट्रॉन या नळीने अन्न तापवण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. अशी यंत्रे निघणार, तर त्यांच्यातून लहरी थोड्याफार बाहेर सांडणार. १९४७ साली अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या अशा यंत्रांसाठी २४५० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा राखला गेला. इथे कुणीही कितीही गोंगाट करावा. संदेशवहन करणाऱ्याने इथे आलाच, तर तक्रार करू नये.

येथे थोडे विषयांतर. पाण्याच्या रेणूचे 'अनुस्पंदन' २४५० मेगाहर्ट्‌झला होते, म्हणून ही वारंवारता निवडली, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. आम्हीही विद्यार्थीदशेत तसेच शिकलो. ते चूक आहे. द्रवरूप पाणी फार रुंद पट्ट्यात सूक्ष्मलहरी शोषते आणि खोलीच्या तापमानाला हे शोषण सर्वांत तीव्र असते ते २० गिगाहर्ट्‌झच्या आसपास. कारखान्यांतल्या कित्येक भट्ट्या ९१५ मेगाहर्ट्‌झवरही चालतात आणि त्यांतही अन्न उत्तम तापते.

या पडीक पट्ट्याला किंमत आली ती १९८५ मध्ये. मायकेल मार्कस या अभियंत्याच्या पुढाकाराने अमेरिकेच्या संदेशवहन आयोगाने ठरवले, की या पट्ट्यात कमी शक्तीची संदेशयंत्रे विनापरवाना चालवायला हरकत नाही. अटी मुख्यतः दोन. दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर मुकाट्याने सोसायचा. शिवाय संदेश एकाच वारंवारतेवर न ठेवता पट्टाभर पसरवायचा. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट मिळाली ती २००५ मध्ये.

म्हणून शेजारच्या खोलीत मायक्रोवेव्ह लावला की इअरफोन कुरकुरतो, यात इअरफोनचा दोष नाही. आकडे पाहा. भट्टी ८०० वॅटची धरू. ब्लूटूथच्या सर्वांत प्रचलित वर्गातल्या यंत्राची कमाल शक्ती २.५ मिलिवॅट. भट्टीच्या शक्तीचा केवळ एक लाखावा भाग दाराच्या फटीतून बाहेर आला, तरी तो ८ मिलिवॅट होतो, म्हणजे इअरफोनच्या तिप्पट. सुदैव एवढेच, की साध्या ट्रान्सफॉर्मरच्या भट्टीतला मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्याच भागात चालतो. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर तो साधारण १० मिलिसेकंद चालू आणि १० मिलिसेकंद बंद असतो. त्या फटीतून बोलणे बऱ्याचदा निसटते.

अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आणि एकोणऐंशी वाटा

गोंगाटात टिकून राहायची युक्ती म्हणजे एका जागी न थांबणे. या कल्पनेची गोष्ट सांगताना हेडी लमार या चित्रपट अभिनेत्रीचे नाव येतेच. व्हिएन्नात १९१४ साली जन्मलेल्या या बाईंचे पहिले लग्न शस्त्रास्त्रांच्या एका कारखानदाराशी झाले. १९३७ मध्ये त्या संसारातून निसटून त्या पुढे हॉलिवुडला पोचल्या. १९४० मध्ये त्यांची संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्याशी ओळख झाली. ते युद्धाचे दिवस होते. त्याच सप्टेंबरात इंग्लंडमधली मुले कॅनडाला सुरक्षित पोचवायला निघालेले 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. त्यात ७७ मुले गेली, आणि जहाजावरचे कितीतरी भारतीय खलाशीही गेले.

पाणतीर रेडिओने वळवता येतो, पण शत्रूला त्याची वारंवारता कळली की तो तिच्यावर गोंगाट करून पाणतीर भरकटवू शकतो. लमार आणि अँथाइल यांनी सुचवले, की वारंवारता क्षणोक्षणी बदलावी. बदल कसा? अँथाइल यांनी आपल्या एका रचनेत आपोआप वाजणारे पियानो वापरले होते. त्यांत भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरते आणि भोकांप्रमाणे पट्ट्या दाबल्या जातात. तशीच एक गुंडाळी जहाजावर, तिची हुबेहूब प्रत पाणतिरात. दोन्ही एकाच क्षणी सुरू केल्या, की दोघे बरोबरीने ८८ वारंवारतांवर उड्या मारतील. पियानोच्या पट्ट्याही ८८ च! पेटंट ११ ऑगस्ट १९४२ रोजी मिळाले. नौदलाने मात्र युद्धात ते वापरले नाही.

'हेडी लमारने ब्लूटूथचा शोध लावला' हे वाक्य आजकाल वरचेवर वाचायला मिळते. आम्हाला ते पटत नाही. अनेक वारंवारता वापरण्याचा विचार तिच्या आधीही होता. निकोला टेस्लाच्या १९०३ च्या एका पेटंटात तो दिसतो. इअरफोन घडवणाऱ्यांनी तिची गुंडाळी समोर ठेवून काम केले, असेही नाही. पण वाक्य चूक ठरवताना तिचे श्रेय काढून घेऊ नये. उड्या मारायच्या तर दोघांनी एकाच क्रमाने आणि एकाच क्षणी मारायच्या, हे मर्म त्या पेटंटात स्वच्छ मांडलेले आहे. आपल्या तक्रारींपैकी निम्म्या तिथूनच येतात.

१९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन हे डच अभियंते मोबाइल आणि त्याची उपकरणे यांच्यामधली वायर काढून टाकण्याच्या कामाला लागले. स्वेन मॅटिसन त्यांचे सहकारी. त्यांनी २४०२ ते २४८० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्याचे प्रत्येकी १ मेगाहर्ट्‌झचे ७९ भाग केले आणि सेकंदाला १६०० उड्या ठरवल्या, म्हणजे एका जागी मुक्काम ६२५ मायक्रोसेकंद. नाव सुचवले इंटेलच्या जिम कार्डाक यांनी, १९९७ मध्ये. विखुरलेल्या लोकांना एकत्र आणणाऱ्या दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डेन्मार्कच्या राजाचे ते नाव. तात्पुरते म्हणून घेतले, ते कायमच राहिले. खुणेतली दोन अक्षरेही त्याच्या आद्याक्षरांच्या जुन्या रून लिपीतली आहेत. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून संघ काढला आणि पुढच्या वर्षी पहिले प्रमाणक प्रसिद्ध झाले.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना एक गणित देता येईल. एका सभागृहात अशा २० जोड्या चालू आहेत. प्रत्येक जोडी ७९ पैकी कुठल्याही वाटेवर सारख्याच शक्यतेने उडी मारते. सोपेपणासाठी सगळ्यांच्या उड्या एकाच क्षणी पडतात असे धरू. तर आपल्या एका उडीवर दुसऱ्या कुणाचाही धक्का न लागण्याची शक्यता ७८/७९ चा १९ वा घात, म्हणजे सुमारे ०.७९. याचा अर्थ, पाचात एका वेळेहून थोडे अधिक वेळा टक्कर होणार. गाणे ऐकताना हे जाणवत नाही, कारण इअरफोन थोडा आवाज आधीच साठवून ठेवतो आणि हरवलेला तुकडा पुन्हा मागवून घेतो. समोर बोलणाऱ्याचा आवाज मात्र असा साठवत बसता येत नाही. ओठ आणि शब्द यांची फारकत होईल. म्हणून गाणे चालते तिथे बाईंचा तास तुटतो.

त्यात वायफाय आले. त्याचे पहिले प्रमाणक १९९७ चे, म्हणजे याच गायरानात दुसरे खिल्लार. वायफायची एक वाट सुमारे २० मेगाहर्ट्‌झ रुंद, म्हणजे ब्लूटूथच्या वीसएक वाटा ती एकटीच अडवते. २००३ मध्ये ब्लूटूथला शहाणपण शिकवण्यात आले. कुठल्या वाटा बिघडल्या आहेत ते पाहायचे आणि त्या टाळून उरलेल्यांवर उड्या मारायच्या, पण किमान २० वाटा तरी ठेवायच्या. शाळेतले वायफाय ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर नेले तर खालची गर्दी कमी होते, ती यामुळे.

ओळख पटेना, तेव्हा

गुंडाळीची जागा आता गणिताने घेतली आहे. प्रत्येक यंत्राला ४८ द्विमान अंकांचा पत्ता असतो आणि आत एक घड्याळ असते. ते दर ३१२.५ मायक्रोसेकंदांनी एक पुढे सरकते आणि २ च्या २८ व्या घाताइतके ठोके झाले की पुन्हा शून्यावर येते. गुणाकार करून पाहा, हा काळ २३ तासांहून थोडा अधिक येतो. मुख्य यंत्राचा पत्ता आणि त्याचे घड्याळ यांवरून उड्यांचा क्रम निघतो.

अडचण पहिल्या भेटीची. इअरफोनला मोबाइलचे घड्याळ ठाऊक नाही, मोबाइलला इअरफोनचे नाही. जत्रेत चुकलेल्या दोघांसारखी स्थिती. दोघेही शोधत फिरू लागले तर भेट व्हायची नाही. म्हणून एकाने सावकाश, ठरावीक ३२ जागांवर कान देत राहायचे आणि दुसऱ्याने त्याच जागांवर भराभर हाका मारायच्या. आसपासच्या यंत्रांच्या पूर्ण शोधासाठी जुन्या प्रमाणकात १०.२४ सेकंद धरले होते. पडद्यावर 'शोधत आहे' असे चाक फिरताना दिसते आणि आपण अधीर होऊन पुन्हा पुन्हा बटण दाबतो, तेव्हा आपण तो शोध दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो.

जोडणी अचानक तुटली, तर दुसऱ्या बाजूला ते लगेच कळत नाही. ती काही काळ वाट पाहते. मूळ प्रमाणकात ही मुदत २० सेकंद आहे, प्रत्यक्षात यंत्रे बहुधा कमी ठेवतात. तोवर तिच्या लेखी जुनी जोडणी जिवंतच असते. 'डबीत ठेवा आणि थोडे थांबा' या उपायातले औषध म्हणजे हे थांबणे. नंतर दोघे कोऱ्या पाटीने हाका मारू लागतात. कधी डबीतल्या चार्जिंगच्या टोकांवर मळ बसल्याने एक कान चार्जच झालेला नसतो. त्याला कोरड्या कापडाखेरीज दुसरा उपाय नाही.

'विसरा' या उपायाचे कारण वेगळे आहे. पहिल्या जोडणीच्या वेळी दोघे मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात. पूर्वी यासाठी चार शून्ये दाबावी लागत. २००७ पासून डिफी आणि हेलमन यांच्या १९७६ च्या कल्पनेवर आधारलेली पद्धत आली आणि शून्ये गेली. आता समजा, इअरफोनची किल्ली पुसली गेली, पण मोबाइलकडची तशीच आहे. मोबाइल जुनी किल्ली दाखवतो, इअरफोन म्हणतो मी तुम्हाला ओळखत नाही. शंभरदा बंद-चालू केले तरी हे सुटणार नाही. दोन्हीकडची किल्ली पुसून नवी करावी लागते. आणि बरेच इअरफोन तीन-चार यंत्रांच्या किल्ल्या बाळगतात. आपण मोबाइलशी झटत असतो आणि तो आतल्या खोलीतल्या लॅपटॉपशी केव्हाच जोडला गेलेला असतो.

शरीराची भिंत

२.४५ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. माणसाचे शरीर बरेचसे पाणी, आणि पाणी या लहरी शोषते, हे वर आलेच. मागच्या उजव्या खिशात मोबाइल आणि डाव्या कानात इअरफोन म्हणजे मधे पूर्ण माणूस. खोलीत लहरी भिंतींवरून परावर्तित होऊन वळसा घालून कानापर्यंत येतात. मैदानावर वळसा घालायला भिंतच नसते. त्यामुळे 'घरात चालतो, मैदानावर तुटतो' ही तक्रार अगदी खरी. दोन कानांत दोन सुटे बोंडले आले, तेव्हा एका कानाकडून दुसऱ्याकडे आवाज न्यायला मधे डोकेच आडवे आले. काही उत्पादकांनी तेवढ्यापुरते चुंबकीय प्रवर्तन वापरले, कारण ते शरीरातून सहज पार होते.

वायर होती तेव्हा यातले काही नव्हते, असे एक सर म्हणाले. ते खरेच आहे. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जाड पिनेची ती धाकटी पाती. २०१६ मध्ये अ‍ॅपलने आयफोन ७ मधून तिचे भोक काढले आणि हळूहळू इतरांनीही काढले. मोबाइलवरचा एफएम रेडिओ त्या वायरचाच एरियल म्हणून उपयोग करी. वायरीबरोबर कित्येकांचा तोही गेला. फोन आला की गाण्याचा गोड आवाज एकदम डबड्यातून आल्यासारखा का होतो, हेही त्या सरांनी विचारले. गाणे एकाच दिशेने येते, बोलणे दोन्ही दिशांनी. त्यासाठीची जुनी पद्धत टेलिफोनसारखी सेकंदाला ८००० नमुने एवढ्यावरच भागवते. तो बिघाड नव्हे.

श्रवणयंत्रांसाठी मार्ग सुकर झाला तो २०१० मध्ये आलेल्या, अत्यल्प वीज खाणाऱ्या ब्लूटूथमुळे. त्यात ७९ ऐवजी ४० रुंद वाटा आहेत. त्यावर आवाज पाठवण्याची सर्वमान्य पद्धत २०२२ पर्यंत पूर्ण झाली. तिच्यात एका प्रेषकाचा आवाज एकाच वेळी कितीही श्रवणयंत्रांना ऐकवता येतो. मात्र दोन्ही बाजूंची यंत्रे नवी असावी लागतात, आणि श्रवणयंत्र काही कुणी दरवर्षी बदलत नाही.

बाईंना आम्ही हे सगळे सविस्तर कळवले आणि काही गोष्टी टिपून ठेवायला सांगितल्या. मोबाइल नेमका कुठे होता, मुलगी कुठल्या बाकावर होती, शेजारच्या संगणक कक्षात तास चालू होता का. तीन आठवड्यांनी त्यांचे उत्तर आले. तुटण्याचे बहुतेक प्रसंग संगणक कक्षात तास असतानाचे होते. उरलेले, बाई मोबाइल पर्समध्ये ठेवून फळ्याकडे वळल्या तेव्हाचे. मोबाइल मुलीच्या बाकावर ठेवला तर जोडणी पक्की राहते, पण मग बाईंचा आवाज माईकला लांब पडतो आणि शेजारच्या मुलींची कुजबुज आधी ऐकू येते. आता तो टेबलाच्या कडेला, खडूच्या डब्याला टेकवून उभा ठेवतात. मुलगी दुसऱ्या बाकावर आली आहे. आवाज गेला की ती पेन्सिल उभी धरते आणि बाई थांबतात.